मुक्या साक्षीदाराची साक्ष

(हिंगोली येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची लिखित संहिता)



घटसर्प म्हणजे काय, हे या सभागृहात कुणाला समजावून सांगायची गरज नाही. सकाळी धार काढताना म्हैस ठीक असते. दुपारी ती वैरणीला तोंड लावत नाही, लाळ गळू लागते, गळ्याखाली सूज उतरते आणि श्वासाची घरघर गोठ्याबाहेर ऐकू येते. ताप १०५-१०६ अंशांवर गेलेला असतो. पाश्चुरेला मल्टोसिडा नावाचा जंतू तिच्या रक्तात पसरलेला असतो, आणि बहुतेक वेळा डॉक्टर पोचेपर्यंत उशीर झालेला असतो. मी पशुवैद्य आहे. सेप्सिस मी आधी गोठ्यात पाहिला, मग माणसांच्या दवाखान्यात, आणि सगळ्यात शेवटी प्रयोगशाळेत. माणसाला सेप्सिसमधून वाचवायचं म्हणून प्राण्याला मुद्दाम सेप्सिस द्यावा का, आणि द्यायचाच तर कोणत्या अटींवर, या प्रश्नावर मला आज बोलायचं आहे.

आपल्याकडे लोक ‘सेप्टिक झालं’ म्हणतात. हळद काढताना कुदळ पायावर बसते. माणूस जखमेला फडकं गुंडाळून काम उरकतो. चार दिवसांनी पाय टरारून सुजतो, थंडी वाजून ताप येतो, मग हातपाय गार पडतात, लघवी कमी होते, माणूस असंबद्ध बोलू लागतो. तेव्हा कुठे गाडी ठरते आणि डॉक्टर म्हणतात, ‘नांदेडला हलवा.’ नवजात बाळाचं तर इतकंही दिसत नाही. बाळ दूध ओढत नाही, रडणं बारीक होतं, अंग थंड लागतं, बस्स. जंतू आत शिरल्यावर शरीर जो प्रतिकार करतं, त्याचा तोल सुटतो आणि शरीराच्याच अवयवांवर तो उलटतो, त्याला सेप्सिस म्हणतात. २०१६ साली तज्ज्ञांनी ठरवलेल्या व्याख्येचा अर्थ हाच आहे. २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अंदाजानुसार २०१७ या एका वर्षात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख लोक दगावले. जगातल्या दर पाच मृत्यूंपैकी जवळपास एक. म्हणून या आजारावर संशोधन थांबवा, असं मी कधीच म्हणणार नाही.

या संशोधनात प्राण्यांचं आपल्यावर किती ऋण आहे, ते आधी सांगतो. २५ मे १९४० रोजी ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी यांनी आठ उंदरांना स्ट्रेप्टोकोकस जंतूंचा प्राणघातक डोस टोचला. त्यांतल्या चौघांना पेनिसिलिन दिलं, चौघांना दिलं नाही. नॉर्मन हीटली रात्रभर पिंजऱ्यांजवळ बसून होते. पहाटे पावणेचारपर्यंत औषध न मिळालेले चारही उंदीर मेले होते, औषध मिळालेले जिवंत होते. तो प्रयोग सेप्सिसचाच होता. आज या सभागृहातल्या कुणालाही लहानपणी पेनिसिलिनचं इंजेक्शन मिळालं असेल, तर त्यामागे ती रात्र आहे. आपल्या मुंबईतही, प्लेगच्या साथीत, वाल्देमार हाफकिन यांनी लस बनवली, ती आधी सशांवर तपासली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःच्या अंगात टोचून घेतली. परळच्या ज्या संस्थेला पुढे त्यांचं नाव मिळालं, त्या संस्थेने घोड्यांच्या रक्तातून सर्पदंशावरचं प्रतिविष बनवलं. आपल्या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांचे किती जीव त्या घोड्यांनी वाचवले असतील! आणि घटसर्पाची लस? तीही प्राण्यांवरच्या प्रयोगांतूनच आली. तिने म्हशी वाचतात. प्रयोगांचा फायदा फक्त माणसालाच होतो, हे खरं नाही.

असं सगळं असताना अडचण कुठे आहे? १९८७ साली दोन महत्त्वाचे प्रयोग प्रसिद्ध झाले. बबून माकडांच्या रक्तात ई-कोलाय जंतू सोडले होते. एका प्रयोगात टीएनएफ या दाहक प्रथिनाला अडवणारी प्रतिपिंडं दिली, दुसऱ्यात रक्ताच्या गुठळ्या रोखणारं सक्रिय प्रोटीन-सी. माकडं वाचली. जगभर आशा निर्माण झाली. पुढच्या काळात टीएनएफ अडवणारी औषधं हजारो रुग्णांवर तपासली गेली आणि अपेक्षेला उतरली नाहीत. प्रोटीन-सीपासून बनवलेल्या ‘झायग्रिस’ला २००१ मध्ये मान्यता मिळाली. नंतरच्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही, म्हणून ऑक्टोबर २०११ मध्ये ते बाजारातून काढून घेतलं गेलं. ‘सेंटॉक्सिन’ हे औषध १९९३ मध्येच बाद झालं होतं. एरिटोरन २०१३ मध्ये निष्फळ ठरलं. या क्षेत्रातल्या अपयशांची यादी फार मोठी आहे. आणि प्रत्येक अपयशामागे मरण पावलेल्या प्राण्यांची रांग आहे.

टीएनएफच्या त्या प्रयोगाचा तपशील पाहा. प्रतिपिंडं जंतू सोडण्याच्या आधी दिली होती. दोन तास आधी दिली तेव्हा माकडं नीट वाचली. आता मला सांगा, सेनगावहून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येणारा कोणता रुग्ण आजार सुरू होण्याच्या दोन तास आधी दवाखान्यात येतो?

सेप्सिसच्या संशोधनात सगळ्यात जास्त वापरली जाणारी पद्धत मी जवळून पाहिली आहे. ती सांगतो, म्हणजे आपण नेमकं कशाबद्दल बोलतोय ते कळेल. उंदराला भूल देतात. पोटाचे केस काढून सेंटिमीटरभर छेद घेतात. मोठ्या आतड्याचा सुरुवातीचा फुगीर भाग, अंधांत्र, चिमट्याने हलकेच बाहेर काढतात, रेशमी धाग्याने बांधतात, सुईने भोक पाडतात, थोडा मल बाहेर येईल इतकं दाबतात आणि परत आत सोडून पोट शिवतात. पंधरा मिनिटांचं काम. उंदीर जागा होतो, थोडा फिरतोही. सहा-आठ तासांनी त्याची फर विस्कटते, कारण तो अंग चाटत नाही. पाठीला बाक येतो. डोळे अर्धे मिटतात. पिंजऱ्यातल्या कापसाचं घरटं तो बांधत नाही. बोट लावलं तरी सरकत नाही. अपेंडिक्स फुटलेल्या माणसाला जे होतं, तेच त्याला होतंय. फरक एवढाच की माणूस ‘आई गं’ म्हणतो.

वर्षानुवर्षं अशा कितीतरी प्रयोगांत या उंदरांना वेदनाशामक दिलं जात नव्हतं. प्रतिजैविक नाही, पुरेसं सलाईन नाही. किती उंदीर किती दिवसांत मेले, एवढंच मोजायचं. मी एका संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीवर बसलो आहे. अर्जात ‘वेदनाशमनाची व्यवस्था’ या रकान्यात ‘लागू नाही’ लिहिलेलं मी वाचलं आहे. विचारलं की उत्तर यायचं, ‘औषधाने निष्कर्ष बिघडतात.’ या उत्तरात थोडं तथ्य आहे; मॉर्फिनच्या कुळातली औषधं प्रतिकारशक्तीवर परिणाम करतात. पण वेदना परिणाम करत नाही का? तीव्र वेदनेत शरीरात ताणाची संप्रेरकं वाढतात, आणि तीच संप्रेरकं प्रतिकारशक्ती दाबून टाकतात. शिवाय अतिदक्षता विभागात कोणता रुग्ण वेदनाशामक, प्रतिजैविक आणि सलाईन यांवाचून पडून असतो? ज्या अवस्थेत कुणीच रुग्ण नसतो, त्या अवस्थेतल्या उंदराला आपण औषधाबद्दल विचारत होतो. मारून मुटकून घेतलेली साक्ष कोर्टात टिकत नाही, तसंच या साक्षीचं झालं.

एवढंच सांगण्यासाठी मी आलो आहे. सेप्सिसच्या संशोधनात प्राण्याची दया आणि विज्ञानाचं मोल एकमेकांसमोर तराजूत टाकण्याची आपल्याला सवय लागली आहे: उंदराला थोडं सुख द्यायचं तर ज्ञान थोडं कमी मिळणार, असं आपण गृहीत धरतो. सेप्सिसचा इतिहास मात्र वेगळंच दाखवतो. जिथे प्राण्याची हेळसांड झाली, तिथे बहुतेक वेळा विज्ञानाचीही झाली, आणि दोन्हींचं कारण एकच होतं: समोरच्या जिवाकडे नीट पाहिलं गेलं नाही.

पाहिलं नाही म्हणजे काय? प्रयोगशाळेत खोलीचं तापमान साधारण २० ते २२ अंश ठेवतात, कारण कोट घालून काम करणाऱ्या माणसाला ते बरं वाटतं. उंदराच्या आरामाचं तापमान तिशीच्या आसपास आहे. म्हणजे तो मुळातच कुडकुडत असतो, आणि सेप्सिसमध्ये माणसाला ताप चढतो तेव्हा उंदराचं अंग थंड पडत जातं. प्रयोगातला उंदीर बहुधा दोन-तीन महिन्यांचा, तरुण, एकाच वंशाचा, निर्जंतुक पिंजऱ्यात वाढलेला, आणि बऱ्याचदा नरच. आपला रुग्ण साठीचा, मधुमेहाचा, नाहीतर तीन दिवसांचं बाळ. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी जनुकांची तुलना करून दाखवलं की गंभीर दाहात उंदराचा आणि माणसाचा प्रतिसाद फारसा जुळत नाही. दोन वर्षांनी जपानी शास्त्रज्ञांनी तीच माहिती वेगळ्या पद्धतीने तपासून पुष्कळ जुळतो असं दाखवलं. हा वाद अजून पूर्ण मिटलेला नाही आणि मी तो मिटवायला बसलेलो नाही. मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते २०१६ मधलं काम. त्यात दिसलं की प्रयोगशाळेतल्या स्वच्छ उंदराची प्रतिकारशक्ती माणसाच्या नवजात बाळासारखी असते, आणि पाळीव प्राण्यांच्या दुकानातल्या, जंतूंशी गाठ पडलेल्या उंदरांसोबत ठेवल्यावर तीच प्रौढ माणसासारखी होते. उंदीर कसा जगतो यावर त्याची साक्ष अवलंबून असते, याचा एवढा स्पष्ट पुरावा क्वचित मिळतो.

मे २०१७ मध्ये व्हिएन्नात जगभरचे सेप्सिस-संशोधक जमले आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी किमान दर्जाच्या सूचना त्यांनी तयार केल्या. औषध आजार सुरू झाल्यानंतर द्यावं. प्रतिजैविक आणि सलाईन द्यावं. कोणत्या उंदराला काय दिलं हे मोजणाऱ्याला कळू नये. वेदनाशामकाचा विचार करावा. आणि मृत्यूची वाट पाहत बसू नये. प्राणी वाचणार नाही अशी खूण ठरवून ठेवावी आणि ती दिसली की त्याला शांतपणे मरण द्यावं. त्या खुणांसाठी गुणपत्रकं तयार झाली आहेत. त्यांतल्या एकात बाह्यरूप, शुद्ध, हालचाल, स्पर्शाला प्रतिसाद, डोळे, श्वासाचा वेग आणि श्वासाची धाटणी अशा सात गोष्टींना शून्य ते चार गुण देतात. गोठ्यातल्या म्हशीकडे पाहून म्हातारी माणसं जे ओळखतात, तेच इथे कागदावर उतरवलेलं आहे. या सूचना म्हणजे कायदा नाही. पाळणं न पाळणं संशोधकाच्या आणि समितीच्या हाती आहे.

प्राणी अजिबात नकोच, असं म्हणणारेही माझे मित्र आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. त्यांची बाजू किती भक्कम होत चालली आहे, ते सांगतो. आपल्या जिल्ह्यात ‘सलाईन लावलं’ म्हणजे उपचार झाले, अशी समजूत आहे. ती बाटली शिरेत जाण्याआधी तिच्यात जंतूंचं विष नाही ना, हे तपासावं लागतं. त्या विषाने ताप येतो, रक्तदाब कोसळतो. अनेक दशकं ही तपासणी सशांवर होत असे. तीन ससे पट्ट्यात अडकवायचे, कानाच्या शिरेत द्रव टोचायचा आणि तीन तास ताप मोजायचा. पुढे फ्रेडरिक बँग आणि जॅक लेव्हिन यांना दिसलं की नालखेकड्याचं निळं रक्त या विषाच्या अंशानेही गोठतं. सशांवरची वेळ टळली, पण खेकड्यांवर आली. मग सिंगापूरमध्ये डिंग जीक लिंग आणि बो हो यांनी त्या रक्तातला मुख्य घटक जनुकतंत्राने प्रयोगशाळेत बनवण्याची वाट शोधली. आज त्या तपासणीसाठी ससा किंवा खेकडा लागायलाच हवा, असं राहिलेलं नाही. भारतानेही २०२३ मध्ये नवीन औषधांच्या नियमांत बदल करून प्राण्यांऐवजी मानवी पेशींवरच्या आणि तत्सम पद्धतींना वाट करून दिली आहे. जिथे असं होऊ शकतं तिथे आणखी एक ससा वापरणं मला अक्षम्य वाटतं. पण आतडं फुटल्यावर मूत्रपिंड, फुप्फुस, मेंदू आणि रक्त एकाच वेळी कसे बिघडतात, हे काचेच्या पट्टीवरच्या पेशी अजून पूर्णपणे सांगू शकत नाहीत. तेवढ्यापुरता मी प्राण्यांचा उपयोग मान्य करतो, जड मनाने.

सलाईनचा विषय निघालाच आहे, म्हणून आणखी एक गोष्ट. केनिया, युगांडा आणि टांझानियात तापाने गंभीर झालेल्या, रक्ताभिसरण मंदावलेल्या ३,१४१ मुलांवर एक चाचणी झाली. तिचा निष्कर्ष २०११ मध्ये आला. भराभर सलाईन चढवलेल्या मुलांमध्ये ४८ तासांतले मृत्यू जास्त निघाले: साडेदहा टक्क्यांच्या आसपास, आणि न चढवलेल्यांमध्ये ७.३ टक्के. कुठलाही उंदीर हे सांगू शकला नव्हता. काही प्रश्नांची उत्तरं रुग्णाच्या खाटेपाशीच मिळतात. आपल्या मराठवाड्याच्या मातीतले डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी महाडला बसून विंचूदंशावर प्राझोसिनचा उपाय शोधला, तोही असाच रुग्णांकडे डोळसपणे पाहून.

आता जी गोष्ट मला रात्री झोपू देत नाही, तिच्याकडे येतो. प्राण्यांच्या जिवावर मिळालेलं ज्ञान वाया जातं, ते फक्त वाईट प्रयोगामुळेच का? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाचा सेप्सिस ओळखायला आणि जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायला शिकवलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. सेप्सिस झालेल्या बाळांपैकी आधी १६.६ टक्के दगावत. उपचार सुरू झाल्यावर २.८ टक्के. तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. नवा रेणू नाही, नवं यंत्र नाही. औषध जुनंच. देशभर आशाताई आज बाळंतिणीच्या घरी भेटी देतात, त्याचं मूळ तिथे आहे. २०१४ पासून केंद्र शासनाने ठरावीक परिस्थितीत नर्सबाईंनाही बाळाला जेंटामायसिन द्यायची मुभा दिली आहे. तरीही एखाद्या वाडीवर दूध न ओढणारं बाळ दोन दिवस घरातच राहतं, उपकेंद्राला कुलूप असतं, किंवा इंजेक्शन संपलेलं असतं. त्या बाळाला ज्या ज्ञानाची गरज होती, त्याची किंमत कितीतरी प्राण्यांनी आधीच मोजली आहे. आपण ते ज्ञान वाडीपर्यंत पोचवलं नाही. प्रयोगशाळेतल्या क्रूरतेवर बोलताना ही हेळसांड मी वेगळी काढू शकत नाही.

आता पुन्हा त्या उंदराकडे वळतो. संत नामदेवांची नर्सी इथून जवळच आहे. कुत्र्याने पोळी पळवली तेव्हा ती कोरडी खाऊ नको म्हणत तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावलेले नामदेव महाराज आपण कीर्तनात ऐकत आलो. मला या कथेबद्दल एक सांगायचंय. कुत्रा स्वतःच्या भुकेने आला होता. प्रयोगशाळेतला उंदीर आपण होऊन आलेला नसतो. आपणच त्याला जन्माला घातलेलं असतं, आपल्याच कामासाठी. कुणी विचारतं, ‘कणगीतल्या उंदराला आम्ही औषध टाकतो, मग या उंदराचं एवढं कौतुक कशाला?’ कणगीतला उंदीर आपलं धान्य खातो, त्याच्याशी आपलं भांडण आहे. पिंजऱ्यातल्या उंदराशी आपलं भांडण नाही. त्याचं दाणापाणी, ऊब, दुखणं, मरण, सगळं आपल्या हातात आहे. म्हणून त्याच्याबाबत आपली जबाबदारी जास्त आहे.

२०२४ मध्ये हिंगोलीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळालं. आज ना उद्या इथला कुणी हुशार विद्यार्थी वसमतच्या हळदीवर संशोधनाचा अर्ज घेऊन येईल, याची मला खात्री आहे. यायलाच हवा. जखमेवर हळद लावण्याचं अमेरिकेतलं पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआरने लढून १९९७ मध्ये रद्द करवलं, तो आपल्या अभिमानाचा भाग आहे. तो विद्यार्थी म्हणेल, ‘हळदीतलं कुर्कुमिन सेप्सिसच्या उंदरांना देऊन पाहतो.’ नैतिकता समितीने त्याला आधी हे सांगावं की असे प्रयोग जगात अनेक झाले आहेत; ते सगळे वाचून ये. कुर्कुमिन पाण्यात विरघळत नाही, आतड्यातून रक्तात फार थोडं जातं. त्यावर तुझा उपाय काय? औषध आजाराआधी देणार की नंतर? नंतर देणार असशील तरच पुढे बोलू. वेदनाशामक कोणतं, किती तासांनी? रात्री दोन वाजता पिंजऱ्यापाशी कोण असेल? उंदीर किती, आणि त्या आकड्याचा हिशोब काय? इथे एक गैरसमज दूर करतो. कमी उंदीर वापरले की दया केली, असं नाही. बारा लागत असताना सहाच वापरले तर निष्कर्ष निघत नाही आणि सहाही फुकट मरतात. शेवटी, प्रयोग फसला तर तो निकाल तू छापशील का? न छापलेला फसलेला प्रयोग उद्या दुसरीकडे दुसरा विद्यार्थी पुन्हा करतो.

आपल्याकडे कायदा आहे. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा प्रयोगांना परवानगी देतो, पण भूल, काळजी आणि माणुसकी यांची अट घालतो, आणि लहान प्राण्यावर भागत असेल तर मोठा वापरू नका, असंही बजावतो. १९९८ च्या नियमांनी प्रत्येक नोंदणीकृत संस्थेत नैतिकता समिती बंधनकारक केली. त्या समितीवर माझ्यासारखा पशुवैद्य असावा लागतो आणि शास्त्रज्ञ नसलेला, समाजाची जाण असलेला एक सदस्यही असावा लागतो. बऱ्याच ठिकाणी ही जागा शहरातल्या ओळखीच्या माणसाने भरली जाते आणि तो सही करून चहा पिऊन जातो. हिंगोलीत ती जागा एखाद्या आशाताईला द्यावी, अशी माझी मागणी आहे. तिने थंड पडलेलं बाळ हातात घेतलेलं असतं, आणि घरी शेळ्या-म्हशी सांभाळलेल्या असतात. महाविद्यालयाने समिती नेमताना त्या जागेसाठी नाव जिल्ह्यातून मागवावं, आणि प्रत्येक अर्जाचा गोषवारा मराठीत लिहून घ्यावा, म्हणजे त्या ताईंना ओळ न् ओळ वाचून प्रश्न विचारता येतील.